टू-स्ट्रोक गाडीचे इंजिन : तापवावे किती, जपावे कसे?

टू-स्ट्रोक मोटारसायकलींचे कारखान्यातील उत्पादन थांबून आता बराच काळ लोटला आहे. एस्कॉर्ट्सची राजदूत ३५० ही गाडी १९८३ मध्ये बाजारात आली आणि त्याच दशकात तिचा शेवटही झाला. यामाहा आर. एक्स. १०० ही १९८५ ते १९९६ या काळात बनली. तरीही या गाड्यांचे काम संपलेले नाही, उलट वाढले आहे. जुनी आर. एक्स. दुरुस्त करून नव्यासारखी करून देणे हा आज अनेक गॅरेजवाल्यांचा, लेथवाल्यांचा आणि सुट्या भागांच्या व्यापाऱ्यांचा चांगला धंदा आहे. ग्राहकही हौसेने पैसे मोजतो. पण याच धंद्यात एक तक्रार वारंवार ऐकू येते : "नवा बोअर केला, नवा पिस्टन टाकला, आणि आठ दिवसांत इंजिन जाम झाले."

अशा वेळी ग्राहक मिस्त्रीला दोष देतो, मिस्त्री लेथवाल्याला आणि लेथवाला पिस्टन विकणाऱ्या दुकानदाराला. खर्च मात्र कोणाच्या तरी माथी पडतोच, आणि वर्षानुवर्षे कमावलेले नाव एका दिवसात खराब होते. आमच्या पाहणीत यातील पुष्कळशा तक्रारींचे मूळ एकाच गोष्टीत सापडते, ती म्हणजे इंजिनाची उष्णता. इंजिन किती गरम आहे, कोणता भाग आधी गरम होतो आणि कोणता मागे राहतो, हे ज्याला कळले त्याचे अर्धे नुकसान टळले. म्हणून आज या विषयाचा पाठ आपण क्रमाने पाहू.

पिस्टन आधी फुगतो, ब्लॉक मागून

फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे एकदा स्फोट होतो. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला होतो. आर. एक्स. १०० चे इंजिन आपली पूर्ण ताकद सुमारे ७५०० फेऱ्यांवर देते. म्हणजे सेकंदाला १२५ स्फोट. पिस्टनला मध्ये विसावा मिळतच नाही. त्यातही फोर-स्ट्रोकप्रमाणे खाली भरपूर ऑईल साठवलेले नसते. पेट्रोलबरोबर जे थोडे ऑईल येते त्यावरच पिस्टन, रिंग आणि कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग यांना भागवावे लागते.

आता मापाचे गणित पाहू. आर. एक्स. १०० चा बोअर ५० मिलिमीटर आणि स्ट्रोकही ५० मिलिमीटर. पिस्टन अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो आणि ज्यात तो फिरतो ती स्लीव्ह बिडाची असते. तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ पावणेदोन पट फुगते. १०० अंश सेल्सियसने तापमान वाढले तर ५० मिलिमीटरचा पिस्टन साधारण ०.०९५ मिलिमीटर फुगेल. बिडाची स्लीव्ह तितकीच तापली तर तिचा बोअर साधारण ०.०५५ मिलिमीटर वाढेल. म्हणजे दोन्ही सारखे तापले तरी ०.०४ मिलिमीटर जागा कमी झाली.

परंतु खरी अडचण पुढेच आहे. थंड इंजिन चालू करून लगेच जोरात रेस दिली, तर पिस्टन काही सेकंदांतच तापतो. ब्लॉक मात्र जड आहे, बाहेरून त्याला हवा लागते, म्हणून तो सावकाश तापतो. समजा पिस्टन १०० अंशांनी तापला आणि ब्लॉक फक्त ४० अंशांनी. मग पिस्टन ०.०९५ ने फुगला आणि बोअर फक्त ०.०२२ ने वाढला. जागा ०.०७३ मिलिमीटरने कमी झाली! आपण पिस्टन आणि बोअर यांच्यामध्ये ठेवतो ती फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांतच मोजली जाते. पिस्टनचा खालचा भाग वरच्या भागापेक्षा कमी तापतो आणि पिस्टनला मुळात थोडा उतार व लंबगोल आकार दिलेला असतो, म्हणूनच रोजच्या वापरात निभावते. पण घाई केली तर ही सगळी सवलत संपून जाते आणि पिस्टन ब्लॉकला चिकटतो. यालाच थंड इंजिनाचे जाम होणे म्हणतात. इंजिन उकळल्यामुळे जाम होते एवढेच पुष्कळांना ठाऊक असते. थंडपणीच्या घाईनेही ते जाम होते, हे लक्षात ठेवावे.

सकाळी गाडी कशी सुरू करावी?

काही मंडळी गाडी स्टँडवर लावून दहा-दहा मिनिटे चालू ठेवतात, तर काही किक मारताच पूर्ण रेस देऊन धूर काढतात. दोन्ही पद्धती चुकीच्या आहेत.

हवेवर थंड होणारे इंजिन उभ्या जागी चालू ठेवले की त्याच्या फिन्सना वारा मिळत नाही. मंद गतीवर मिश्रण नीट जळत नाही, प्लग काळा पडतो आणि न जळलेले ऑईल सायलेन्सरमध्ये साठते. चोकवर तर पेट्रोल इतके जास्त येते की बोअरच्या भिंतीवरील ऑईलचा थर धुऊन निघतो. म्हणून योग्य रीत अशी :

१. चोक ओढून किक मारावी. इंजिन स्वतःहून धरू लागले की चोक बंद करावा. विनाकारण ओढून ठेवू नये.

२. अर्धा ते एक मिनिट हलक्या गतीवर चालू द्यावे. तेवढ्यात हेल्मेट, हातमोजे घालून होतात.

३. मग गाडी चालवतच गरम करावी. पहिले तीन-चार किलोमीटर अॅक्सिलरेटर पाव ते अर्ध्यापेक्षा जास्त उघडू नये. आर. एक्स. ला फेऱ्यांचे मीटर नसल्यामुळे हाताचाच अंदाज ठेवावा. राजदूत ३५० ला मीटर आहे, तिच्या बाबतीत या टप्प्यात ४००० च्या खाली राहावे.

४. याचबरोबर, फार खालच्या फेऱ्यांवर मोठ्या गियरमध्ये इंजिन ओढतही नेऊ नये. हलका भार आणि मोकळ्या फेऱ्या, हेच गरम होण्याचे उत्तम औषध.

५. पाण्यावर थंड होणाऱ्या गाड्यांत, उदाहरणार्थ १९८० मध्ये परदेशात निघालेली यामाहा आर. डी. ३५० एल. सी. किंवा इटलीची एप्रिलिया आर. एस. १२५, काटा साधारण ५०-६० अंशांवर येईपर्यंत थांबावे. परंतु काटा पाण्याची उष्णता दाखवतो, पिस्टनची नव्हे. पिस्टन त्याच्या किती तरी आधी तापलेला असतो. म्हणूनच थंड हवेत शर्यतीचे खेळाडू रेडिएटरचा काही भाग पट्टीने झाकतात, जेणेकरून पाणी फार थंड राहू नये.

हवामान बदलले की मिश्रण बदलते

मे महिन्यात मालेगावला किंवा चंद्रपूरला पारा ४२ च्या वर जातो. डिसेंबरच्या पहाटे नाशिक-निफाडकडे तो १० च्या खाली उतरतो. थंड हवा दाट असते. ४२ अंशांच्या हवेपेक्षा १० अंशांची हवा सुमारे ११ टक्के दाट भरते. कार्बोरेटरचा जेट मात्र तोच राहतो. याचा अर्थ असा की, उन्हाळ्यात बरोबर बसवलेले मिश्रण हिवाळ्याच्या पहाटे पातळ पडते, म्हणजे त्यात हवा जास्त आणि पेट्रोल कमी होते. पातळ मिश्रण गरम जळते. पेट्रोलमध्येच ऑईल मिसळून चालवलेल्या टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल कमी म्हणजे ऑईलही कमी. थंड ब्लॉक, पातळ मिश्रण आणि कमी ऑईल अशी तिहेरी अडचण हिवाळ्याच्या पहाटे एकत्र येते. "थंडीत इंजिन जाम होत नाही" हा समज सोडून द्यावा.

यात आजच्या पेट्रोलची भर पडली आहे. २०२३ पासून देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने आले. इथेनॉलमध्ये मुळातच प्राणवायू असतो. म्हणून शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जिथे १४.७ भाग हवा लागते, तिथे या मिश्र पेट्रोलला साधारण साडेतेरा भाग पुरते. जुना जेट तसाच ठेवला तर गाडी सात-आठ टक्के पातळ चालते. शिवाय इथेनॉलची वाफ होण्यास पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते, त्यामुळे थंड इंजिन सुरू होण्यास कुरकुर करते. ते हवेतील ओलावा ओढून घेते आणि जुने रबरी भाग फुगवते. यावर उपाय असा की जुन्या गाडीचा प्लग तपासून मेन जेट एक नंबर मोठा लागतो का ते पाहावे, रबरी नळ्या नव्या टाकाव्यात आणि ऑईल मिसळलेले पेट्रोल महिनोन्‌महिने टाकीत ठेवू नये.

ऑईल : कमी वाईट, फार जास्तही वाईट

आर. एक्स. आणि राजदूत ३५० या दोन्ही गाड्यांत ऑईल पंप आहे. अॅक्सिलरेटर जितका उघडाल तितके ऑईल तो देतो. पंपाची केबल बसवताना पुलीवरची खूण जुळली पाहिजे. ऑईलची टाकी एकदा रिकामी झाली की नळीत हवा शिरते. नुसती टाकी भरून चालत नाही, ती हवा काढावी लागते. तोपर्यंत पेट्रोलमध्ये ऑईल मिसळूनच इंजिन चालवावे.

काही मिस्त्री पंप बंद करून पेट्रोलमध्येच ऑईल घालून देतात. तसे करायचे असल्यास लिटरला २० मिलिलिटर म्हणजे १:५० हे माप मोजपात्राने घालावे, अंदाजाने झाकणभर ओतू नये. "जरा जास्त घातलेले बरे" असेही नाही. जेटमधून जे जाते त्यात ऑईल वाढले की पेट्रोल कमी होते, म्हणजे मिश्रण पुन्हा पातळच झाले! ऑईल टू-स्ट्रोकचेच, एफ. सी. किंवा एफ. डी. दर्जाचे घ्यावे. फोर-स्ट्रोकचे इंजिन ऑईल घालू नये.

घाट उतरताना एक विशेष काळजी घ्यावी. कसारा, कशेडी किंवा आंबा घाट उतरताना अॅक्सिलरेटर पूर्ण बंद करून गियरमध्ये गाडी सोडली, तर चाकामुळे इंजिन जोरात फिरते, पण पेट्रोल आणि ऑईल दोन्ही नावापुरते येतात. अशा वेळी वेग ब्रेकने आवरावा आणि मधूनमधून अॅक्सिलरेटर क्षणभर उघडून इंजिनाला ऑईल पाजावे.

लेथवर घ्यायची काळजी

बोअर करणाऱ्या कारागीर बंधूंसाठी एक महत्त्वाची गोष्ट. बोअर काढून नुकताच बाजूला ठेवलेला ब्लॉक कामाने गरम झालेला असतो. पिस्टन मात्र डब्यातून काढलेला, थंड. ब्लॉक ३० अंश जास्त गरम असेल तर ५० मिलिमीटरच्या बोअरचे माप ०.०१६ मिलिमीटरने मोठे दिसते. ०.०४ ची फट ठेवली असे वाटते, प्रत्यक्षात ब्लॉक थंड झाल्यावर ती ०.०२४ च राहते. म्हणून शेवटचे माप ब्लॉक आणि पिस्टन एकाच तापमानाला आल्यावर घ्यावे. घाई असेल तर शेवटचे होनिंग दुसऱ्या दिवशी करावे.

०.२५, ०.५० अशा वाढीव मापाचे पिस्टन वेगवेगळ्या बनावटीचे असतात. डब्यावरच्या आकड्यावर विसंबू नये, प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरने स्वतः मोजावा. फट किती ठेवायची हे कारखान्याच्या पुस्तकाप्रमाणे आणि पिस्टन बनवणाऱ्याच्या सूचनेप्रमाणे ठरवावे. बोअर झाल्यावर पोर्टच्या कडा हलक्या हाताने मोडाव्यात, नाही तर रिंग तिथे अडकते.

नूतनीकरणाच्या कामात आणखी एक चूक हल्ली दिसते. शोभेसाठी ब्लॉक आणि हेडच्या फिन्सवर जाड पावडर कोटिंग केले जाते. फिन्स उष्णता बाहेर टाकण्यासाठी असतात, जाड थर त्यांना गोधडी पांघरल्यासारखा होतो. रंग हवाच असेल तर उष्णता सोसणारा, पातळ, काळा, बिनचकाकीचा द्यावा. फिन्समधला चिखल आणि ग्रीस वेळोवेळी काढावे.

नवे काम झाल्यावर

नव्या बोअरची गाडी ग्राहकाला खूश करण्यासाठी स्टँडवर पूर्ण रेस करून दाखवू नये. प्रथम इंजिन हलक्या गतीवर चालवून, ब्लॉकला हात लावता येणार नाही इतका गरम झाला की बंद करावे आणि पूर्ण थंड होऊ द्यावे. असे तीन वेळा करावे. उभ्या इंजिनासमोर पंखा ठेवावा. मग थंड इंजिनावर हेडचे नट तिरकस क्रमाने पुन्हा तपासावेत. पहिले ५०० किलोमीटर पूर्ण अॅक्सिलरेटर नको, एकाच गतीवर लांब पल्ला नको, मागे जड सवारी नको. हे तोंडी सांगून भागत नाही. ठेवलेली फट, जेटचा नंबर, ऑईलचे प्रमाण आणि या सूचना एका कागदावर लिहून ग्राहकाला द्याव्यात व त्याची नक्कल आपल्याकडे ठेवावी. वाद झालाच तर हा कागद दोघांनाही न्याय देतो.

उष्णता मोजावी कशी?

लांबून तापमान मोजणारी इन्फ्रारेड बंदूक आता गॅरेजला परवडते. पण चकचकीत अॅल्युमिनियमवर ती तापमान खरे असते त्यापेक्षा कमी दाखवते. हेडवर प्लगजवळ बिनचकाकीच्या काळ्या रंगाचा एक ठिपका द्यावा आणि नेहमी तिथेच मोजावे. आपल्या हातची चांगली चालणारी गाडी ठरावीक रस्त्यावर किती तापते ते वहीत लिहून ठेवावे, मग बिघडलेली गाडी लगेच ओळखू येते. राजदूत ३५० चे दोन सिलिंडर एकमेकांशी ताडून पाहावेत. एक दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे गरम असेल तर त्या बाजूचा कार्बोरेटर, इनटेकचे रबर किंवा क्रँकचे ऑईल सील तपासावे.

प्लगही सांगतोच. बिस्किटासारखा तपकिरी रंग असेल तर ठीक. पांढरा फटक असेल तर मिश्रण पातळ किंवा प्लग जास्त गरम जातीचा. काळा आणि ओला असेल तर चोक, ऑईल किंवा मिश्रण जास्त. प्लग बदलताना एक घोटाळा टाळावा : एनजीके कंपनीत नंबर जितका मोठा तितका प्लग थंड, बॉश-मायकोमध्ये नंबर जितका लहान तितका थंड. नुसता आकडा पाहून प्लग देणाऱ्या दुकानदाराच्या हातून पिस्टनला भोक पडू शकते.

पिस्टन बोलतो, ते ऐकावे

जाम झालेले इंजिन उघडल्यावर भांडणाआधी पिस्टन नीट पाहावा.

घेरावर चार ठिकाणी, समोरासमोर ओरखडे असतील, तर थंड इंजिनावर घाई झाली आहे किंवा फट कमी ठेवली आहे.

सायलेन्सरच्या बाजूलाच ओरखडे असतील, तर इंजिन अति तापले आहे. पातळ मिश्रण, ऑईलची कमतरता, हवा ओढणारे सील, फिन्समधली घाण ही कारणे शोधावीत.

माथ्यावर मधोमध भोक किंवा वितळल्याची खूण असेल, तर टायमिंग पुढे गेले आहे, प्लग गरम जातीचा आहे किंवा मिश्रण फार पातळ आहे.

सगळ्या घेरावर कोरडे ओरखडे असतील, तर ऑईल पोहोचलेच नाही. पंप आणि नळी पाहावी.

कारण शोधल्याशिवाय नवा पिस्टन टाकू नये. कारण तेच राहिले तर नवा पिस्टनही त्याच वाटेने जाईल.

आणि चालत्या गाडीत इंजिन धरू लागले तर? ताकद अचानक कमी होते, आवाज आवळल्यासारखा होतो. त्याच क्षणी क्लच दाबावा, नाही तर मागचे चाक अडून माणूस पडतो. गाडी बाजूला घ्यावी, अर्धा तास थंड होऊ द्यावी. वरून पाणी ओतू नये, ताकदीने किक मारू नये. थंड झाल्यावर किक मोकळी फिरली तरी पुढे हळू जावे आणि घरी पोहोचताच ब्लॉक उघडावा. बोअरवर नुसते अॅल्युमिनियम चिकटले असेल तर ते काढता येते, स्लीव्हवर रेघा ओढल्या असतील तर बोअरशिवाय इलाज नाही. इथे ग्राहकाला खरे तेच सांगावे. जिथे साफसफाईने भागते तिथे बोअरचे पैसे लावू नयेत आणि जिथे बोअर हवा तिथे पॉलिश पेपर मारून गाडी परत देऊ नये. गॅरेजमध्ये सोडलेली गाडी ही आपल्याकडची अमानत आहे.

टू-स्ट्रोकचे जुने उस्ताद आता थोडे राहिले आहेत. कानाने ऐकून आणि हाताने चाचपून त्यांनी जे हुनर मिळवले, ते शागिर्दांपर्यंत मापासह आणि कारणासह पोहोचले पाहिजे. गॅरेजच्या भिंतीवर एक पाटी लावून ठेवावी : "आधी इंजिन गरम, मग अॅक्सिलरेटर. आधी ब्लॉक थंड, मग माप." एवढ्या दोन ओळी पाळल्या तरी पुष्कळ ग्राहकांचे पैसे वाचतील आणि आपल्या कामाची शाबासकी गावभर होईल.